कॉर्डलेस माईक ऐन वेळी दगा देतो तो कुठे? लावण्याचा आणि वापरण्याचा बरोबर क्रम

मागच्या लग्नसराईत कोल्हापूरबाहेरच्या एका कार्यालयात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. तिसरं मंगलाष्टक संपत आलं आणि भटजींचा आवाज तुटायला लागला. "शुभमंगल सा..." एवढंच ऐकू आलं, पुढचं गेलं. पुढच्या रांगांनी अक्षता टाकल्या, मागचे लोक मूठ उचलून तसेच थांबले. कुणीतरी ओरडलं, "मालक, माईक बंद पडालाय की ओ!"

सेट नवा होता, सेल सकाळीच घातलेले होते. रिसिव्हर (माईकच्या लहरी पकडणारा डबा) मात्र एलईडी भिंतीच्या मागे, लोखंडी फ्रेमला टेकून, जमिनीवर ठेवलेला होता आणि त्याच्यावर इंटरनेटचा राऊटर. मी तो उचलून स्टेजच्या कडेला उंच स्टुलावर ठेवला, अँटेना उघडल्या. उरलेली मंगलाष्टकं नीट झाली.

अठरा वर्षं साऊंडचं काम करतोय. कॉर्डलेस खराब झाला म्हणून माझ्याकडे आणलेल्या सेटमधले बहुतेक सेट धडधाकट निघतात. चूक जागेत, फ्रिक्वेन्सीत किंवा चालू करण्याच्या क्रमात असते. शाळा, तालीम मंडळ, भजनी मंडळ, कार्यालय, कुठेही माईक सांभाळणाऱ्या माणसाने खालचा क्रम एकदा मनापासून पाळून बघावा.

१. आदल्या दिवशी: सेटची पट्टी वाचा, सेल मोजा

सेटच्या मागे किंवा तळाला एक पट्टी असते. तिच्यावर तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते छापलेलं असतं. सेट हाताशी असूनही ही पट्टी कुणी वाचत नाही.

आकडा ७०३ ते ७४८ किंवा ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झच्या मध्ये असेल, तर तो सेट मोबाईलच्या पट्ट्यात आहे. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावानंतर ७०० चा हा पट्टा ५जीसाठी वापरात आला. चार-पाच वर्षं छान चाललेला सेट अलीकडेच खरखरायला लागला, अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हा आकडा विचारतो. अशा सेटला दुरुस्ती नाही. मोठ्या कार्यक्रमाला तो नेऊ नका.

२.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे सेट हल्ली खूप मिळतात. हा पट्टा परवानामुक्त आहे, म्हणून तिथेच वाय-फाय, तिथेच ब्लूटूथ. वर्गात, छोट्या बैठकीत ते उत्तम चालतात. पाचशे माणसांच्या हॉलमध्ये पाचशे मोबाईल येतात आणि माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत चाललेला सेट संध्याकाळी स्टेजच्या पायरीवरच अडतो, त्याचं कारण हे. मोठ्या गर्दीसाठी ५०० ते ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा यूएचएफ सेट घ्या. घेताना तो भारतात वापरायला चालतो याची कागदपत्रं दुकानदाराकडून मागून घ्या.

आता सेल. अल्कलाईन सेल वापरा. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते साधे सेल इथे चालत नाहीत, त्यांचा दाब कार्यक्रमाच्या मध्यावर बसतो. रिचार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात. ते चालतात, पण माईकवरचा सेलचा दिवा त्यांच्याबाबतीत फसवतो. शेवटपर्यंत भरलेला दाखवतो आणि मग एकदम बंद.

सावध: पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल बाजारात मिळतात. दोन सेलच्या माईकमध्ये ते घातले तर तीन व्होल्टच्या जागी सात व्होल्टच्या वर जातात. माईक जळतो, सेल तापतो. उत्पादकाने सांगितले नसतील तर ते घालू नका. अल्कलाईन सेल चार्जरला लावू नका आणि नवा सेल जुन्याच्या जोडीला घालू नका.

पिशवीत हे हवं: सेलच्या दोन जास्तीच्या जोड्या, कापडी चिकटपट्टी, मार्कर, छोटा टॉर्च, आणि एक वायरचा माईक केबलसकट. हा वायरचा माईक पोडियमवर जोडून, तपासून, आवाज खाली करून तयार ठेवायचा. माझा एकही कार्यक्रम त्याच्याशिवाय सुरू होत नाही.

लाऊडस्पीकरची पोलीस परवानगी आदल्या दिवशीच हातात असू द्या. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे.

२. रिसिव्हरची जागा

पूर्ण लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

माईकमधून निघणारी ताकद साधारण १० ते ५० मिलिवॅट असते. तुमचा मोबाईल गरज पडली की २०० मिलिवॅटपर्यंत जातो. म्हणजे या माईकचा सिग्नल नाजूक आहे. माईकला रिसिव्हरच्या अँटेना "दिसल्या" पाहिजेत. मध्ये लोखंडी कपाट, पत्र्याचा पडदा, एलईडी भिंत किंवा माणसांची भिंत आली की तो अर्धमेला होतो.

रिसिव्हर स्टेजच्या कडेला, बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर राहील एवढ्या उंचीवर ठेवा. लोक मिक्सर (सगळे आवाज जुळवायचं यंत्र) हॉलच्या शेवटी ठेवतात आणि रिसिव्हरही तिथेच नेतात. मिक्सर मागे राहू द्या. रिसिव्हर स्टेजजवळ ठेवून तिथून आवाजाची केबल मागे न्या. एक्सएलआर केबलवर (तीन पिनांची माईकची केबल) आवाज पन्नास मीटर सहज जातो, माईकच्या लहरी गर्दीतून जात नाहीत.

अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकवा, प्रत्येक साधारण ४५ अंशांत. दोन्ही सरळ उभ्या ठेवल्या की दोघी एकच काम करतात. बोलणारा माईक कधी उभा धरतो, कधी आडवा. फाकवलेल्या अँटेनांपैकी एक तरी त्याला पकडते.

एलईडी भिंत, लाईटचे डिमर, राऊटर, लॅपटॉप यांच्यापासून रिसिव्हर दोन-तीन मीटर लांब ठेवा. बोलणाऱ्याच्या अगदी नाकाशीही नको, तिथेही निदान तीन मीटर हवेत. फार जवळून आलेला सिग्नल रिसिव्हरला झेपत नाही.

एक गोष्ट विकत घेतानाच बघा. दोन माईकच्या स्वस्त सेटला दोन अँटेना असतात, पण पुष्कळदा त्यातली एक पहिल्या माईकची आणि दुसरी दुसऱ्याची असते. एका माईकसाठी दोन अँटेना काम करतात तो सेट वेगळा. फरक का पडतो? ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर. भिंतीवर आदळून परत आलेली लहर आणि सरळ आलेली लहर एका जागी एकमेकींना मारतात, तिथून वीतभर सरकलं की पुन्हा आवाज येतो. बोलणारा हलला की शब्द गाळल्यासारखे होतात ते यामुळे. दोन अँटेनांचा खरा सेट त्या क्षणी दुसरीवर उडी मारतो.

३. वीज: इथे घाई करू नका

माईकला वायर नाही म्हणून विजेचा संबंध नाही, असं समजणारे लोक मला काळजीत टाकतात. रिसिव्हर, मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि पोडियमवरचा वायरचा माईक हे सगळं एकमेकांना धातूने जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल आणि कुठे गळती असेल, तर ओठ लागतो त्या जाळीपर्यंत करंट येतो.

मांडवात बोर्ड मिळाला की आधी मीटर लावा. फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ खूपच कमी दिसलं तर अर्थिंग नाही, असं समजा आणि वायरमनला बोलवा. जनरेटर असेल तर तो चालू करूनही हेच मोजा. लाईन गेल्यावर बोर्ड आपोआप जनरेटरवर जातो आणि तिथे अर्थिंगचा पत्ता नसतो, हे मी अनेकदा पाहिलंय. बोर्डावर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असला तर फारच चांगलं.

सावध: हम (स्पीकरमधला घुंऽऽ आवाज) येतो म्हणून थ्री पिनचा अर्थचा पाय तोडू नका, त्याला चिकटपट्टीही लावू नका. पूर्ण साऊंड एकाच बोर्डावरून घ्या, लाईटिंगसाठी वेगळा बोर्ड. तरीही हम राहिला तर आवाजाच्या केबलच्या मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी टाका आणि त्यावरची ग्राऊंड लिफ्टची कळ वापरा.

रिसिव्हरचा अडॅप्टर त्याचाच वापरा. पिन बसली म्हणून १२ व्होल्टच्या सेटला १५ चा किंवा उलट्या ध्रुवाचा अडॅप्टर लावणं म्हणजे सेट गमावणं. जुलै-ऑगस्टमध्ये इथला पाऊस मांडवाच्या शिवणीतून कुठूनही गळतो, म्हणून बोर्ड आणि जोड जमिनीपासून वर, झाकून, विटेवर किंवा लाकडावर ठेवा. ओल्या हाताने पिन काढू-घालू नका.

४. चालू करण्याचा क्रम आणि मोकळी फ्रिक्वेन्सी

बहुतेक जण माईक आधी चालू करतात. तसं करू नका.

आधी मिक्सरचे सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) खाली. मग मिक्सर, त्यानंतर रिसिव्हर. अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. माईक अजून बंदच.

आता हॉलमधलं बाकी सगळं चालू करायला सांगा: एलईडी भिंत, लाईट, राऊटर, व्हिडिओवाल्यांचे वायरलेस सेट. मग रिसिव्हरवर स्कॅन करा. एलईडी बंद असताना मोकळी दिसलेली फ्रिक्वेन्सी ती लागल्यावर मोकळी राहील याची खात्री नसते. स्कॅनची सोय नसेल तर एकेक चॅनेल बदला आणि रिसिव्हरवरचा सिग्नलचा दिवा बघा. माईक बंद असताना दिवा लागला, तर तिथे दुसरं कुणीतरी बसलेलं आहे. पुढे चला.

मोकळं चॅनेल मिळालं की माईक चालू करून रिसिव्हरच्या लाल काचेसमोर धरा आणि सिंकचं बटण दाबा, म्हणजे माईक रिसिव्हरच्याच चॅनेलवर येतो. तशी सोय नसेल तर माईकवर हाताने तोच चॅनेल लावा.

तपासा: माईक बंद केल्यावर रिसिव्हरचे दिवे पूर्ण विझले पाहिजेत आणि स्पीकर गप्प राहिला पाहिजे. खरखर आली तर स्क्वेल्च (बारीक सिग्नल आत न घेण्याची कळ) थोडा वाढवा. फार वाढवला तर पल्ला कमी होतो, एवढं लक्षात ठेवा.

शेजारच्या हॉलमध्ये दुसरं लग्न असेल तर जाऊन तिथल्या साऊंडवाल्याला भेटा. त्याची फ्रिक्वेन्सी विचारा, आपली सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. तिकडचं मंगलाष्टक इकडच्या स्टेजवर ऐकू आलं की दोन्हीकडच्या यजमानांसमोर आपलीच मान खाली जाते.

५. दोनपेक्षा जास्त माईक असतील तर

दोन माईक चालू असले की त्यांच्या मिसळण्यातून आजूबाजूला खोट्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. हिशोब साधा आहे: एकीची दुप्पट करा, दुसरी वजा करा. ६००.० आणि ६००.४ वर दोन माईक असतील तर खोट्या फ्रिक्वेन्सी ५९९.६ आणि ६००.८ ला येतात. तिसरा माईक तुम्ही ६००.८ ला लावलात तर तो खरखरणारच. म्हणजे समान अंतराने, ओळीने लावलेले माईक सगळ्यात वाईट, आणि नेमकं तेच हौसेने केलं जातं.

उत्पादकाने सेटमध्ये "ग्रुप" आणि "चॅनेल" अशी मांडणी दिलेली असते. सगळ्या माईकना एकच ग्रुप आणि त्यातले वेगवेगळे चॅनेल द्या. त्यांचं गणित आधीच करून ठेवलेलं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र आणले असतील तर सगळे माईक एकाच वेळी चालू करून, एकमेकांपासून लांब ठेवून, मगच प्रत्येकाचा आवाज ऐका. चालू माईक टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवू नका.

प्रत्येक माईकच्या शेपटाजवळ रंगीत चिकटपट्टी लावा आणि तोच रंग मिक्सरच्या फेडरखाली.

६. आवाजाची पातळी

रिसिव्हरवर "माईक" आणि "लाईन" अशी कळ असेल तर ती मिक्सरच्या जोडणीशी जुळवा. लाईनची पातळी माईकच्या खोबणीत घातली की आवाज फाटतो आणि लोक स्पीकर बदलत बसतात. मिक्सरच्या त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरमधून माईकला जाणारी वीज) बंद ठेवा.

आधी माईकवरचा गेन (आवाज किती जोरात घ्यायचा ती पातळी), मग रिसिव्हर, मग मिक्सर. खऱ्या बोलणाऱ्याला खऱ्या जोराने बोलायला सांगा. "हॅलो, हॅलो, वन टू" पुरत नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्तीचं निवेदन करणारा माणूस डाव बसला की कसा ओरडतो, तसं ओरडून दाखवायला सांगा. त्या ओरडण्याला माईकवरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला तर ठीक, लागून राहिला तर गेन उतरवा. मिक्सरवर साधं बोलणं मीटरच्या मध्याजवळ राहू द्या. बोलण्याच्या माईकला लो कट लावा, १०० हर्ट्झच्या खालचं धपधप आणि वाऱ्याचा घुमारा निघून जातो.

७. चालून बघा

माईक हातात घ्या, तोंडाने सतत बोलत राहा आणि बोलणारा जिथे जिथे जाईल तिथे सगळीकडे चाला: स्टेजचे कोपरे, विंग, पायऱ्या, हार घालायची जागा. मग माईक छातीशी धरून रिसिव्हरकडे पाठ करा. खरी परीक्षा ती. दुसऱ्या माणसाला रिसिव्हरचे दिवे बघायला बसवा.

पाठ करून आवाज तुटला तर रिसिव्हर हलवा, पुन्हा चाला. गर्दी आल्यावर सिग्नल आणखी पडणार आहे, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये "चालतंय की जेमतेम" एवढ्यावर समाधान मानू नका.

८. माईक माणसाच्या हातात आणि अंगावर

हातातला माईक तोंडापासून चार बोटांवर, मधोमध धरायचा. जाळी मुठीत धरली की आवाज कोंदट होतो आणि शिट्टी येते. खालचं टोक मुठीत धरलं की तिथली अँटेना झाकली जाते. पाहुण्यांना हे स्टेजवर सांगता येत नाही, म्हणून माईक हातात देतानाच बरोबर जागी धरून द्या.

कॉलर माईक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर, छातीच्या मधोमध लावा. नेहरू शर्टाला अवघड नाही. साडी असेल तर विचार करावा लागतो. पदराच्या काठाला लावलेला माईक पदर सरकला की खांद्यावर जातो. ब्लाऊजच्या गळ्याला लावला तर गळ्यातले दागिने आड येतात. एका निवेदिकेच्या गळ्यात कोल्हापुरी साज होता. ती मान वळवायची तेव्हा साजाची पानं माईकच्या डोक्यावर बारीक टक्-टक् करायची आणि स्पीकरमधून कुणीतरी नखाने पत्रा वाजवतंय असं ऐकू यायचं. मी तिला विनंती केली, "ताई, माईक साजाच्या वर, डाव्या बाजूला दोन बोटं घेऊया का?" पिन तिच्या मैत्रिणीने लावली, मी लांबून जागा सांगितली. तेव्हापासून ज्यांच्या गळ्यात साज, मोहनमाळ, ठुशी आहे त्यांना मी आधी मान दोन्हीकडे फिरवायला सांगतो. फार दागिने असतील तर कानावरचा माईक बरा.

बेल्ट पॅक (कॉलर माईकची वायर ज्यात जाते ती डबी) कमरेला, साडीत परकराच्या नाडीला घट्ट अडकवा. त्याची लोंबणारी अँटेना गुंडाळू नका, दुमडू नका, अंगाला चिकटू देऊ नका. मोबाईल त्याच बाजूच्या खिशात नको. कीर्तनकार, शाहीर घामाने भिजतात, त्यांचा पॅक पातळ झिप पिशवीत घाला आणि अँटेना बाहेर ठेवा. वायरीला कपड्याच्या आत एक सैल वळसा द्या, म्हणजे ओढ बसली तरी माईक उपटत नाही.

९. कार्यक्रम चालू असताना

बोलणाऱ्याला माईकचं बटण दाबायला सांगू नका. आवाज बंद-चालू तुमच्या हातात, मिक्सरवर. माईकच बंद केला तर रिसिव्हर मोकळा पडतो आणि बाहेरची खरखर आत येऊ शकते. बटणाला लॉक असेल तर तो लावा, नसेल तर चिकटपट्टी.

न बोलणाऱ्यांचे फेडर खाली ठेवा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी सुरू होण्याआधीची तुमची मुभा ३ डेसिबलने कमी होते. शिट्टी आलीच तर पूर्ण साऊंड बंद करू नका, त्या एका माईकचा फेडर उतरवा. माईक घेऊन स्पीकरच्या पुढे जायचं नाही, हे निवेदकाला आधीच सांगा.

मंगलाष्टकांना माणसं भटजींभोवती दाटतात आणि अंतरपाटाजवळ माईकपुढे शरीरांची भिंत उभी राहते. त्या वेळी रिसिव्हर भटजींच्या डोक्याच्या वरून बघेल असा हवा. अक्षता जाळीत अडकतात, म्हणून फोमची टोपी घाला. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालासाठीही हीच टोपी, दोन जास्तीच्या घेऊन.

तीन तासांच्या वर कार्यक्रम असेल तर मध्यंतरात सेल बदला. दिवा हिरवा असला तरी बदला. काढलेले सेल वेगळ्या डबीत टाका, खिशात नाही.

तपासा: आवाज गेला तर या क्रमाने बघा. माईकवरचा दिवा आहे का? रिसिव्हरवर सिग्नलचा दिवा आहे का? आवाजाचा दिवा हलतोय का? पहिला नसेल तर सेल. पहिला आहे, दुसरा नाही, तर फ्रिक्वेन्सी किंवा आडोसा. दोन्ही आहेत, तिसरा नाही, तर माईकचं म्यूट किंवा कॉलर माईकची पिन. तिन्ही आहेत तर दोष केबलमध्ये किंवा मिक्सरवर. हे बघायला दहा सेकंद लागतात. तोवर पोडियमवरचा वायरचा माईक उघडा.

१०. बंद करणं आणि जपणं

अॅम्प्लिफायर आधी बंद, मग माईक, मग रिसिव्हर आणि मिक्सर. उलटं केलं की स्पीकरमध्ये धाडकन् आवाज होतो आणि ट्विटर (बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर) जातो.

सेल लगेच काढा. अल्कलाईन सेल आत राहिला की फुटून त्याचा पांढरा क्षार स्प्रिंग खातो. जाळी काढता येत असेल तर ती सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा आणि आतला फोम पूर्ण सुकल्यावरच बसवा. माईकच्या अंगावर सॅनिटायझर फवारू नका. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. थंडगार एसी हॉलमधून बाहेर दमट हवेत आणलेल्या माईकवर पाणी धरतं, ते पुसून, थोडा वेळ उघडं ठेवून मगच पेटी लावा.

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: तारीख, हॉल, चाललेला ग्रुप आणि चॅनेल, रिसिव्हर कुठे ठेवला होता, कुठे तुटला. माझ्या पेटीत असे चार कागद भरलेत. पुन्हा त्याच हॉलमध्ये जाताना मी सेट काढायच्या आधी तो कागद वाचतो, आणि स्कॅन तरीही करतो.